करांद्याची पहिली धार

माजिवड्याचा भिवा दारू गाळणारा होता की तेल काढणारा, हे त्याच्या हयातीत कोणालाच ठरवता आलं नाही. गावकऱ्यांना नाही, कचेरीला नाही, नौपाड्याच्या शिकल्यासवरल्या अण्णांना नाही, आणि खुद्द भिवाला तर मुळीच नाही. बाकीच्यांचं काय, ते बोलून मोकळे होत आणि घरी जाऊन जेवत. भिवाचा मात्र सगळा संसार या एका प्रश्नाला टांगलेला होता.

आधी त्याच्याकडे दारूच होती, याबद्दल वाद नाही. मिठागराचं काम आटोपलं की भिवा मोहाची फुलं भिजत घाली आणि बापाच्या तांब्याच्या हंड्यावर गाळी. त्याच्या हाताला काय होतं कोण जाणे, पण खाडीपलीकडची माणसं हळदीला आणि गावजत्रेला भिवाचीच मागत. भट्टी लागली की पहिली धार पडताच तो उजव्या हाताची बोटं त्यात बुडवी आणि तीन शिंतोडे उडवी. एक गावदेवीला, एक वेताळाला आणि एक गेलेल्या माणसांना. त्याचा बाप तसंच करायचा, आजाही तसंच करायचा. त्याशिवाय गाळलेली दारू कोणी घोटभर घेतली नसती.

मग सहदेव गेला. सहदेव हा भिवाच्या बायकोचा, तुळसाचा, पाठचा भाऊ. ठाकुर्लीहून हळदीला आला होता. मेहुण्यावर भिवाचा भारी जीव, म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं त्याला पहिल्या धारेची पाजली. सकाळी सहदेव खाडीच्या बांधाखाली चिखलात पालथा सापडला. भिवाला कोणी काही म्हणालं नाही, कारण दारू पिऊन माणूस पडतो यात नवल कोणालाच वाटत नसे. तुळसाही काही म्हणाली नाही. दहावा-तेरावा उरकल्यावर तिनं लुगड्यांचं बोचकं बांधलं आणि ती माहेरी चालती झाली.

भिवा ठाकुर्लीला जाऊन दारात बसला. ती बाहेर आली नाही. पुन्हा गेला, पुन्हा बसला. शेवटी दोन्ही गावची जाणती माणसं जमली आणि भिवानं गावदेवीसमोर बेलभंडार उचलला. यापुढे या हातानं दारू गाळणार नाही, गाळली तर तुळसा माझी नाही आणि मी तिचा नाही. एवढं ऐकल्यावर ती परत आली. आल्या आल्या तिनं दारूचा हंडा अंगणात ओढला, राखेनं आणि चिंचेनं घासून लख्ख केला आणि त्यात अंघोळीचं पाणी तापवायला लागली. त्यानंतर थोड्याच काळात सरकारचा नवा आबकारी कायदा आला आणि घरोघरच्या भट्ट्या बंद झाल्या. तेव्हा गावातले टवाळ म्हणायचे, भिवा मोठा हुशार, कायद्याच्या आधीच शपथ घेऊन पुण्य पदरात पाडलं. भिवाला हे फार लागे. पण बोलणार काय? तो मिठागरावर जाई, मीठ ओढी, घरी येई. हात मात्र रिकामे रिकामे वाटत, असं तो एकदा तुळसाला बोलून गेला. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे रिकामे."

असं सगळं जरा शांत झालेलं असताना नौपाड्याहून अण्णा आले.

अण्णा शाळामास्तर होते आणि निवृत्त झाल्यावर माणसाला जे रोग होतात त्यांतला सर्वांत वाईट त्यांना झाला होता, म्हणजे देशाचं भलं करण्याचा. त्यांनी कुठंसं वाचलं की जर्मनांच्या मुलखात बटाट्यापासून अर्क काढतात आणि तो दिव्यात जाळतात. झालं. आपल्याकडे घासलेटचे डबे बोटीनं परदेशातून येतात, घराघरातले पैसे तिकडे जातात, आणि इथे येऊरच्या डोंगरात कडू करांद्यांचे कंद जमिनीत कुजताहेत. त्या करांद्यांचं तेल का काढू नये? अर्क काढणारा हात कोणाचा, म्हणून विचारत विचारत ते माजिवड्याला आले. ओट्याच्या कडेला स्वतःचं उपरणं पसरून त्यावर बसले. पाणी घेतलं नाही. त्यांचा धर्म तसा होता आणि भिवालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

"भिवा, करांदे शिजवायचे, आंबवायचे आणि गाळायचे. एवढंच," अण्णा म्हणाले.

"मंग ती दारू झाली, अण्णा."

"नाही. आपण ते पिणार नाही, जाळणार. जे जाळायचं ते तेल."

"पन आंबवलेला हाय. गाललेला हाय."

"दूध आंबवून चक्का बांधतात आणि त्याचं श्रीखंड होतं. म्हणून कोणी आंबलेलं दूध खातो म्हणतं का?"

भिवाला हे पटल्यासारखं वाटलं, मग पटलं नाही, मग पुन्हा वाटलं. त्यानं विचारलं, "आन कोनी प्यायला तं?"

अण्णा जरा थांबले. हा प्रश्न पुस्तकात नसावा. "प्यायला तर दारू," ते म्हणाले आणि स्वतःच्याच उत्तरानं थोडे अस्वस्थ झाले. मग म्हणाले, "पण आपण पिणार नाही ना."

कचेरीतही अण्णा जाऊन आले होते. तिथल्या कारकुनानं सांगितलं होतं की पिण्याचं असेल तर आबकारी आणि जाळायचं असेल तर तो आपला विषयच नव्हे. साहेबानं बराच वेळ छताकडे बघून, एक हंडा करून दाखवा मग बघू, अशी तोंडी परवानगी दिली होती. म्हणजे सरकारलाही कळलं नव्हतं. भिवाला याचं जरा बरं वाटलं.

तुळसा दाराआड उभी राहून ऐकत होती. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती बाहेर आली आणि अण्णांना सरळ विचारती झाली, "बामनकाका, दारू का तेल?"

"तेल," अण्णा म्हणाले. "माझ्या जानव्याची शपथ."

"तेल असंल तं करू दे," ती म्हणाली. "हंडा मी देते. दारू निंगाली तं मी ठाकुर्लीला. मंग देवीसमोर कोनी काय बोललं, काय नाय, ते इचारू नका."

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर भिवाला एवढी भीती वाटली नसती. बाजाराला जाते म्हणावं इतक्या साधेपणानं ती बोलली.

दिवाळी होऊन गेली होती. डोंगरातली माणसं टोपल्या भरून करांदे आणीत, ते भिवानं घेतले, साली काढून उकडले, ठेचले आणि मोहाच्या फुलांसारखे भिजत घालून तोंड बांधलं. फुलं दोनचार दिवसांत बुडबुडायला लागतात. करांदे नुसते बसून राहिले. मग आंबूस वास यायला लागला, मग घाण, आणि शेजारणी नाकाला पदर लावून जाऊ लागल्या. भिवा रोज झाकण उघडून बघे आणि मान हलवी. त्याच्या हाताला असं अपयश माहीत नव्हतं. शिवाय आत कुठेतरी त्याला हायसंही वाटत होतं, आणि हायसं वाटतंय याचं वाईटही वाटत होतं. करांदे दारू व्हायला तयार नाहीत, म्हणजे ते सज्जन आहेत की नुसते मठ्ठ, हे त्याला समजेना.

अण्णा पुन्हा पुस्तक घेऊन बसले. त्यात निघालं की कंदात पीठ असतं, साखर नसते. आणि पिठाची साखर व्हायला मोड आलेलं धान्य लागतं. "जव लिहिलेत इथे," अण्णा म्हणाले. "जव कुठून आणू मी माजिवड्यात?"

तुळसा पलीकडे नाचणी उपणत होती. शेजारच्या बाळंतिणीच्या लेकराला सत्त्व लागायचं म्हणून ती नाचणीला मोड आणून वाळवून ठेवी. तिनं फडक्यातली मोडाची नाचणी अण्णांपुढे सरकवली. मोड ते मोड, असं अण्णांनीही ठरवलं.

दुसऱ्या खेपेला करांदे शिजवून निवत ठेवले आणि बोट घातलं तर चटकन बाहेर काढावं लागेल एवढं गरम असताना त्यात दळलेली नाचणी ढवळली. दुपारभर हंडा गोधडीत गुंडाळून ठेवला. संध्याकाळी भिवानं चाखून पाहिलं आणि तो तसाच उभा राहिला. सकाळी कडूपिठूळ असलेलं ते काल्यासारखं प्रकरण पातळ झालं होतं, आणि कडवटपणाच्या मागून गोड लागत होतं. गूळ कोणी घातला नव्हता. त्यानं तुळसाला चाखायला दिलं. तिनं बोट पुन्हा बुडवून चाटलं. करांद्याला नाचणीनं काय सांगितलं असेल, यावर त्या दिवशी दोघंही नवराबायको बराच वेळ बोलत बसली, आणि सहदेव गेल्यापासून ती दोघं असं पहिल्यांदाच बोलत होती. अण्णांनी पुस्तकातलं कारण वाचून दाखवलं, पण ते वाचून झाल्यावर त्यांनाही ते समजलेलं दिसलं नाही.

त्यात मग ताडीचा गाळ घालायचा होता, आंबायला. ताडीचं नाव निघताच तुळसाचा चेहरा बदलला. भिवा घाईनं म्हणाला, "पाववाले पन घालतात गो, पावात." ती म्हणाली, "पाव खातात. ह्याचा तुमी काय करनार ते अजून ठरायचा हाय."

गावात तर बाजार भरला. मारुती नावाचा शेजारी, ज्यानं आयुष्यात भिवाची दारू सर्वांत जास्त प्यायली होती, तो रोज येऊन हंड्याचा वास घेई आणि दारूच आहे अशी ग्वाही देई. दुसरे म्हणत, खुद्द ब्राह्मण ओट्यावर बसतो, म्हणजे तेलच असणार. मग कोणी विचारी, बोटाला लागलं तर अण्णा अंघोळ करतात की नुसता हात धुतात? सगळे लक्ष ठेवून होते. अण्णा काहीच न करता पंच्याला बोट पुसत आणि घरी जाऊन काय करत ते नौपाड्यालाच माहीत. भिवा दोन्हीकडचं ऐके. जो बोलेल तो त्याला बरोबर वाटे.

गाळायचा दिवस उजाडला. हंडा चुलीवर चढला, तोंडावर मडकं, सांध्याला ओली माती, बांबूची नळी, पलीकडे गार पाण्यात बसवलेला गडू. अण्णा आपला स्वच्छ घासलेला काचेचा दिवा घेऊन आले होते. मारुती आला, निम्मं गाव आलं. तुळसा दारात उंबऱ्याशी बसली. भिवानं जाळ हवा तेवढाच ठेवला. किती दिवसांनी तो त्या हंड्यापुढे बसला होता. नळीला हात लावून त्यानं ऊब पाहिली, मातीचा सांधा दाबला, लाकूड जरा मागे ओढलं. त्याचे हात एवढे आनंदात होते की त्यांचा मालक कोण आहे याचाही त्यांना विसर पडला असावा.

नळीच्या तोंडाशी थेंब जमला. पडला. मागून दुसरा, मग बारीक धार.

आणि भिवानं उजव्या हाताची बोटं धारेखाली धरली आणि तीन शिंतोडे उडवले. गावदेवीच्या दिशेला एक, वेताळाकडे एक, आणि एक खाली मातीत, गेलेल्यांना.

काय केलं ते त्याला तिसरा शिंतोडा पडल्यावर कळलं. मारुती समाधानानं मान हलवत होता. "झाला ना," तो म्हणाला. "तेलाचा शिंतोडा कोनी देवाला उडवतो का?" कोणी हसलं नाही. तेल काढणारा देवापुढे दिवा लावतो. पहिल्या धारेचा शिंतोडा फक्त दारूचा असतो. हे अंगणातल्या पोराटोरांनाही माहीत होतं. अण्णांना ते माहीत नव्हतं, म्हणून ते सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

तुळसा उठली. "तिसरा कोनाला उडवलात?" तिनं विचारलं.

भिवानं ओली बोटं मातीत पुसली.

"गेलेल्यांना ना? त्यांच्यात सहदेव हाय. त्याला परत पाजलीत."

ती आत गेली. बोचकं बांधल्याचा आवाज काही येत नाही, पण भिवाला तो आला. त्याला ओरडून सांगायचं होतं की ते हातांनी केलं, मी नाही केलं. पण हात कोणाचे? मग त्याच्या मनात आलं की हातांनाच खरं काय ते कळलं असेल. आपण तेल म्हणतोय, हात दारू म्हणताहेत, आणि आयुष्यभर आपण हातांचंच ऐकत आलो. तो तसाच चुलीपुढे बसून राहिला आणि धार गडूत पडत राहिली.

अण्णांना एवढं कळलं की काहीतरी बिघडलंय आणि दिवा लागला तर ते सुधारेल. "थांबा बाई, थांबा," ते दाराकडे बघून म्हणाले. "आत्ता दिवा लावतो. दिवा लागला म्हणजे तेल, मग प्रश्नच मिटला." त्यांनी गडूतला अर्क दिव्यात ओतला, वात भिजू दिली आणि काडी लावली. दिवस मावळतीला आला होता, अंगणात अजून उजेड होता. सगळे पुढे वाकले.

दिवा काही लागला नाही. अण्णांनी दुसरी काडी ओढली, वातीला धरली, तिसरी धरली. वात तशीच. "विझला," ते म्हणाले, आणि वात वर काढायला त्यांनी बोट नेलं, तसं ओरडून मागे घेतलं. उपरण्याचं टोक दिव्यावरून गेलं आणि त्याला काळं भोक पडलं. दिवा लागलेला होता. नीट डोळे बारीक करून बघितलं तेव्हा वातीवर निळसर काहीतरी थरथरताना दिसलं. अंधार पडेपर्यंत सगळे थांबले. अंधारात ती निळी जीभ दिसली, पण तिच्या उजेडात अण्णांना स्वतःच्या हाताच्या रेषाही दिसेनात. कोपऱ्यातली साधी करंजाच्या तेलाची पणती त्याहून जास्त उजेड देत होती.

"हा कसला दिवा," मारुती म्हणाला. आता तोही गोंधळला होता. दारू जळते हे त्याला ठाऊक नव्हतं. आपण आजवर काय प्यालो, याचा विचार त्याच्या तोंडावर स्पष्ट उमटला होता.

अण्णा पायरीवर मटकन बसले. पुस्तकात दिवा म्हटलं होतं. त्या दिव्यावर वेगळी कसलीशी जाळी लागते की काय, असं काही ते पुटपुटले. देशाचं भलं करायला निघालेला माणूस एवढा केविलवाणा दिसेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

तुळसा बोचकं घेऊन बाहेर आली. "उजेड नाय तं तेल नाय," ती म्हणाली. "मंग काय हाय?"

"माना ठावं नाय," भिवा म्हणाला. "तुझी शप्पत, माना ठावं नाय. दारू असंल तं जा. तेल असंल तं ऱ्हा. माना इचारू नको." आणि तो सगळ्यांदेखत रडायला लागला.

ती जायला निघाली होती, पण वाट दिव्यावरून होती. दिव्याशी ती थांबली. तिनं त्या निळ्या जिभेवर हात धरला, वर, मग थोडा खाली. पटकन मागे घेतला. पुन्हा धरला. तिचा चेहरा त्या उजेडात दिसत नव्हता, नुसता आवाज आला.

"एवढी आग होती यात?"

तिनं पोळलेला तळवा पदरात गुंडाळला.

"सहदेवानं एवढी आग प्यायली. आन मी म्हनत होते, तो चिखलात पडून गेला." ती खाली बसली आणि रडली, भाऊ गेला तेव्हा रडली नव्हती तशी. भिवाला उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण जावं की नाही ते त्याला कळेना, म्हणून तो अर्ध्यावर उकिडवा बसला.

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं. आत जाऊन एक मातीची पसरट परळ आणली, गडूतला अर्क तिच्यात ओतला, भोवती तीन दगड मांडले आणि दिव्यावरनं काडी पेटवून परळीला लावली. दगडांवर तिनं पेजेचं मडकं ठेवलं. सगळे बघत राहिले. धूर नाही, ठिणगी नाही, दगडांमध्ये काही जळतंय असं वाटेना, आणि पेज मात्र खदखदायला लागली.

"सरपन हाय ह्ये," तुळसा म्हणाली. "दारू नाय, तेल नाय. सरपन."

तेवढ्यावर ती राहिली. बोचकं त्या रात्री कोणी सोडलं नाही, पण सकाळी ते दांडीवर वाळत घातलेल्या लुगड्यांच्या रूपानं दिसलं.

अण्णांचा घासलेटला हरवण्याचा बेत तिथेच मोडला, आणि पुढे ते रेशमाच्या किड्यांच्या मागे लागले. कचेरीत अहवाल गेला तो ऐकून साहेब पुन्हा छताकडे बघत बसला म्हणतात. शेवटी नौपाड्याच्या एका सोनाराला दागिन्यांना डाग द्यायला बिनधुराची ज्योत हवी होती, म्हणून दरसाल दिवाळीनंतर एक हंडा गाळायची मोकळीक भिवाला मिळाली. कोणी पिऊ नये म्हणून त्यात कडुनिंबाचा पाला उकळून घालायचा, एवढी अट होती. ती तुळसा स्वतःच्या हातानं पाळी आणि अटीपेक्षा जास्त पाला घाली. सोनाराची कुरकुर ती ऐकून घेत नसे.

एक गोष्ट मात्र माजिवड्यात सगळ्यांनी पाहिली आहे. हंडा चढला की तुळसा उंबऱ्यावर न बसता भिवाच्या उजवीकडे येऊन बसे. नळीला थेंब जमायला लागला की ती त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरी, आणि पहिली धार गडूत बिनबोभाट पडून जाईपर्यंत सोडत नसे. दरसाल तो हात तिच्या मुठीत एकदा हिसका देई. मारुती थट्टा करी, "म्हातारपनी काय हात धरून बसलाव?" ती मूठ अजून आवळी आणि भिवा लाजून चुलीत बघत राही.

प्लेगच्या साली तुळसा गेली. त्या साली हंडा चढला नाही. पुढच्या दिवाळीनंतर सोनाराचा निरोप आला, तेव्हा भिवानं करांदे उकडले. नाचणीला मोड मात्र शेजारणीकडून आणवले, ते त्याला जमत नसत. हंड्यापुढे तो एकटाच बसला. नळीच्या तोंडाशी थेंब जमला. त्याचा उजवा हात उचलला गेला. गावदेवी, वेताळ, आणि तिसरा गेलेल्यांना उडवायचा. गेलेल्यांत आता तीही होती. भिवा त्या हाताकडे बघत राहिला. तिला द्यावा, की तिला चालणार नाही? 

मग त्यानं डाव्या हातानं आपलाच उजवा हात धरला, आणि पहिली धार पडून जाईपर्यंत तो धरून ठेवला.